पाच रुपयांच्या मोडीत आलेली श्रीलंका

गेल्या श्रावणात चिपळूणच्या मंडईत अळूची जुडी घेतली. वीस रुपये झाले, मी पन्नासची नोट दिली. मावशींनी कमरेच्या पिशवीत हात घालून दहाची एक नोट आणि पाच-पाचची चार नाणी माझ्या हातावर ठेवली. "मोडच आहे बघा ताई सगळी," म्हणाल्या. त्यांनीही नाण्यांकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

घरी येऊन नाणी टेबलावर टाकली. फ्रिजच्या दारावरचं चुंबक तिथेच पडलेलं होतं. ते उचलून दाराला लावायला गेले, तर एक नाणं त्याला चिकटून वर आलं. बाकीची तीन जागची हलली नाहीत. पाचाचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं असतं, म्हणजे त्यात तांबं, जस्त आणि थोडं निकेल. त्याला चुंबक लागत नाही. हे मात्र घट्ट चिकटलं होतं. उजेडात धरलं. एका बाजूला मोठा ५, त्याच्या भोवती तीन लिप्या: गोलगोल वळणांची सिंहली, मग तमिळ, मग इंग्रजी. दुसऱ्या बाजूला हातात तलवार धरलेला सिंह. साल २०११. श्रीलंकेचे पाच रुपये. आपल्या हिशोबाने दीड रुपयाच्या आसपास.

साडेतीन रुपयांचा तोटा झाला आणि मला भलताच आनंद झाला. लहानपणापासून मी जुनी नाणी गोळा करते, पण विकत घेतलेल्या दहा नाण्यांपेक्षा मोडीत आपणहून आलेलं एक नाणं मला जास्त बोलकं वाटतं. ते माझ्यापर्यंत पोहोचलं म्हणजे आधी कित्येक हातांनी ते आपलं म्हणून घेतलेलं असतं. असं होतं कसं? चार माणसं डोळे उघडे ठेवून परक्या देशाचं नाणं घेतात आणि पुढे देतात, हे कसं घडतं?

कारण नाणं आपण वाचतच नाही. नोट वाचतो. नाणं ओळखतो हाताने. बोटांना आकार कळतो, तळव्याला वजन कळतं, डोळा फक्त रंग आणि मोठा आकडा टिपतो. एवढं जुळलं की मेंदू पुढची चौकशी करत नाही. आता आकडे पाहा. रुपयाच्या चिन्हाच्या मालिकेतलं, म्हणजे २०११ पासूनचं, आपलं पाचाचं नाणं २३ मिलिमीटर रुंद आणि ६ ग्रॅम वजनाचं. २०१९ च्या मालिकेतलं नवं पाचाचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि ६.७४ ग्रॅमचं. श्रीलंकेचं हे नाणं साडेतेवीस मिलिमीटरचं, वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास. रुंदीत ते आपल्याच दोन पाचांच्या मधे बसतं. रंग पिवळा, कारण आतल्या पोलादावर पितळेचा मुलामा. आकडा ५. वजन जरा जास्त, पण भाजीच्या पिशव्या सांभाळत एक-दीड ग्रॅम कोण तोलतो?

यात आपल्या चलनाच्या सवयीचाही हात आहे. पाचाचं नाणं आपण किती रूपांत पाहिलंय: नव्वदच्या दशकातलं जाडजूड नऊ ग्रॅमचं पांढरं, २००७-०८ चं पातळ पोलादी, नंतरचं पिवळं, शिवाय थोरामोठ्यांच्या जन्मशताब्दीची आणि संस्थांच्या वर्धापनदिनाची स्मारक नाणी. दहाच्या नाण्याबद्दल तर इतका गोंधळ माजला की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की चौदा वेगवेगळ्या छापांची दहाची नाणी चलनात आहेत आणि सगळी खरी आहेत. अनोळखी चित्राची इतकी सवय झालेल्या माणसाला तलवारधारी सिंह म्हणजे आणखी एक नवा छाप वाटला, तर त्यात नवल नाही.

आता ते इथवर आलं कसं, ते पाहू. परदेशातून आलेला माणूस उरलेल्या नोटा बदलून घेतो, कारण चलन बदलून देणारे दुकानदार नोटा घेतात. नाणी ते घेत नाहीत. कारण साधं आहे. नोटांचं बंडल हलकं आणि मोलाचं, ते परत त्या देशात पाठवणं परवडतं. तेवढ्याच मोलाची नाणी पाठवायची तर पोतं होतं, आणि वाहतुकीचा खर्च नाण्यांच्या किमतीला गिळून टाकतो. त्यामुळे नोट मायदेशी परतते आणि नाणं जिथे उतरलं तिथेच राहतं. आधी पँटच्या खिशात, मग कपाटातल्या वाटीत, मग मुलाच्या गल्ल्यात. एक दिवस गल्ला फुटतो आणि घाईत कुणीतरी ते सगळं वाण्याकडे मोडून घेतं. कोकणात तर घराघरातून कुणी ना कुणी आखातात किंवा जहाजावर असतं. अशा घरांतल्या डब्यांत दिरहम, फिल्स, हलाला, सिंगापूरचे सेंट सापडतात. देवळाची दानपेटी हा दुसरा मोठा रस्ता. पेटीत टाकताना कुणी देश पाहत नाही आणि मोजणीत वेगळी निघालेली नाणी नंतर कुठेतरी जातातच.

पण मोडीत मिसळून जाण्यासाठी प्रवास पुरत नाही, जुळेपण लागतं. हे जुळेपण कधी निव्वळ योगायोगाचं असतं आणि कधी चक्क वारशाचं.

वारशाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ते रोज भेटू शकतं. ब्रिटिशांचं जुनं शिलिंग साधारण २३.६ मिलिमीटरचं आणि ५.६५ ग्रॅमचं होतं. ऑस्ट्रेलियाने १४ फेब्रुवारी १९६६ रोजी दशमान चलन आणलं, तेव्हा लोकांची आणि यंत्रांची सोय म्हणून शिलिंगचंच माप दहा सेंटच्या नाण्याला दिलं. दोन शिलिंगच्या फ्लोरिनचं माप वीस सेंटला. जुलै १९६७ मध्ये न्यूझीलंडने तेच केलं. खुद्द ब्रिटनने १९६८ मध्ये पाच आणि दहा पेन्सची नवी नाणी त्याच मापांत पाडली. एका आईची तीन लेकरं! एका बाजूला तिघांवरही एकच राणी, दुसऱ्या बाजूला प्राणी-पक्षी वेगळे. ब्रिटनने नव्वदच्या दशकात ही दोन्ही नाणी लहान केली, न्यूझीलंडने २००६ मध्ये जुनी छोटी नाणी बाद करून दहा, वीस, पन्नास सेंट नव्या मापात आणले. ऑस्ट्रेलियाने मात्र मापं बदलली नाहीत. म्हणून बाद झालेलं न्यूझीलंडचं नाणं अजूनही ऑस्ट्रेलियात मोडीत फिरताना सापडतं. अमेरिका आणि कॅनडाचंही असंच, तिथे तर सीमेपलीकडचा सेंट लोक वर्षानुवर्षं सहज चालवून घेत आले.

योगायोगाच्या जुळ्यांची गंमत वेगळी. थायलंडचं दहा बाटचं नाणं १९८८ मध्ये आलं: दोन धातूंचं, मधे पिवळं, भोवती पांढरं कडं, रुंदी २६ मिलिमीटर, वजन साडेआठ ग्रॅम. चौदा वर्षांनी, २००२ मध्ये, युरोपात युरोची नाणी हातात आली. त्यातलं दोन युरोचं नाणं दोन धातूंचं, मधे पिवळं, भोवती पांढरं, रुंदी २५.७५ मिलिमीटर, वजन साडेआठ ग्रॅम. दहा बाटची किंमत दोन युरोच्या साधारण आठव्या हिश्शाएवढी. थायलंडच्या समुद्रकिनाऱ्यांवरून परतणाऱ्या पर्यटकांनी आणि लबाडांनी दोघांनीही युरोपातल्या वेंडिंग मशीनना बरंच फसवलं. दुबईतली कथा आपल्या लोकांच्या अधिक जवळची आहे. संयुक्त अरब अमिरातीने १९९५ मध्ये एक दिरहमचं नाणं लहान करून २४ मिलिमीटरचं केलं. फिलिपिन्सचं एक पेसोचं नाणंही तेव्हा २४ मिलिमीटरचंच होतं. २००६ च्या सुमारास एका दिरहमला चौदाएक पेसो मिळत, आणि पार्किंगच्या यंत्रांत दिरहमच्या जागी पेसो खपतो ही बातमी तेव्हा गाजली.

यंत्र फसतं म्हणजे काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यंत्र आपल्या आजोबांचंच काम करतं.

चांदीचा रुपया चलनात होता तेव्हा दुकानदार तो फरशीवर टाकून वाजवून घेत. खरी चांदी खण्णकन वाजते आणि नाद रेंगाळतो. शिशाची भेसळ असेल तर आवाज बद्द येतो. 'खणखणीत नाणं' हा शब्द आपण माणसाबद्दल वापरतो तो तिथूनच आलेला. आवाज का बदलतो? धातूचा कडकपणा आणि घनता बदलली की त्यातून कंपन वेगळं धावतं. म्हणजे दुकानदार कानाने धातू तपासत होता, छाप नव्हे. छापाची नक्कल सोपी असते. धातूची अवघड.

आजचं यंत्र वाजवत नाही, पण तपासतं तेच. नाणं आत घरंगळतं तेव्हा ते तारेच्या वेटोळ्यांजवळून जातं. त्या वेटोळ्यांतून सतत उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडलेला असतो, त्यामुळे भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातूची चकती आली की चकतीच्या आत विजेचे छोटे छोटे भोवरे उठतात. तांबं जास्त असेल तर भोवरे जोरात, पोलाद असेल तर वेगळ्याच तऱ्हेने. या भोवऱ्यांचा उलट परिणाम वेटोळ्यातल्या प्रवाहावर होतो आणि यंत्र तो मोजतं. सोबत रुंदी आणि जाडीही मोजली जाते. यंत्राकडे प्रत्येक खऱ्या नाण्याच्या आकड्यांची एक चौकट असते. सगळे आकडे चौकटीत बसले की नाणं आत, नाहीतर खालच्या खणात परत. जुन्या यंत्रांची चौकट ढिली, म्हणून बाट युरो होऊन गेला. दोन युरोच्या मधल्या पिवळ्या भागात मात्र निकेलचा एक पातळ थर दोन पितळी थरांमधे दडवलेला असतो, त्यामुळे चुंबकाला तो भाग हलकासा ओढला जातो. बाटच्या मधल्या भागात तसा थर नाही. यंत्राला हा फरक पाहायला शिकवलं की त्याची फसगत थांबते. माझ्या फ्रिजवरच्या चुंबकाने तेच केलं होतं.

समजा, तुमच्या मोडीत असं एखादं नाणं निघालं. लिपी ओळखीची नसेल तर देश कसा शोधायचा? माझा अनुभव असा की चित्रापेक्षा सालाने लवकर वाट सापडते, फक्त साल कोणत्या कालगणनेतलं हे कळायला हवं.

मराठी माणसाला सगळ्यात चकवणारं नाणं नेपाळचं. त्यावर देवनागरी असते, आकडेही आपलेच. राजेशाहीच्या काळातल्या नाण्यावर 'श्री ५' आणि राजाचं लांबलचक नाव वाचता येतं, आणि खाली साल दिसतं २०५१. अजून न उजाडलेलं वर्ष! नेपाळ विक्रम संवत वापरतो. त्यातून ५७ वजा करा, १९९४ मिळतं. (नवं वर्ष वैशाखात सुरू होत असल्याने वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ५६ वजा करावे लागतात, पण नाण्यापुरतं ५७ चालतं.) थायलंडच्या नाण्यावर बौद्ध संवत असतो, त्यातून ५४३ वजा करायचे. वर सांगितलेल्या पहिल्या बाटवर म्हणून २५३१ हे साल असतं. जपानच्या नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. तिथलं मधे भोक असलेलं पिवळं पाच येनचं नाणं भारतात बऱ्याचदा सापडतं, आणि त्यावर आपल्याला वाचता येईल असा एकही आकडा नसतो.

सौदी अरेबियाची जुनी नाणी हज-उमऱ्याहून येणाऱ्यांबरोबर येतात. त्यांवर फक्त हिजरी साल असतं. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, आणि त्यात अधिक मास नाही, त्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही. सोपी युक्ती अशी: हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १४०८ ला गुणलं की १३६६ च्या आसपास येतात, त्यात ६२२ मिळवले की १९८८. खरं वर्ष १९८७-८८ आहे, म्हणजे युक्ती नीट लागू पडली. अरबी आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. आणि जो आकडा गोल दिसतो तो पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नास हलालाच्या नाण्यावर गोल आणि त्यापुढे ठिपका दिसतो, पुष्कळ लोक त्याला 'शून्य' समजून नाणं बाजूला टाकतात.

'रुपया' हा शब्द दिसला म्हणून नाणं आपलं, असंही समजू नका. नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान, मॉरिशस, सेशेल्स या सगळ्यांचं चलन रुपयाच. मॉरिशसच्या एक रुपयावर १९८७ पासून तिथले पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांची प्रतिमा आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाजही आहे, त्यामुळे ते नाणं महाराष्ट्रात पाहुण्यांबरोबर येतं. अरबी समुद्राच्या पलीकडेही आपला रुपया खूप काळ चालत होता. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये आणि कतार-दुबईने १९६६ मध्ये तो सोडला. आखातात जुन्या घरांत पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया निघतो तो यामुळेच. तिथे तो परदेशी नव्हता, रोजच्या बाजाराचा पैसा होता.

इथे मला सगळ्यात आवडणाऱ्या भागाकडे यायचंय. नाण्याचा देश आणि नाण्याचं जन्मगाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरात जुन्या नाण्यांचा डबा असेल तर १९८५ चा एक रुपया शोधा. सालाखाली बारकाईने पाहा. भारतीय नाण्यांवर टांकसाळीची खूण सालाच्या खाली असते: मुंबईची चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. पण १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' हे अक्षर सापडतं. ते नाणं बर्मिंगहॅमच्या टांकसाळीत पाडलेलं आहे. तो 'एच' तिथल्या हीटन घराण्याचा. ऐंशीच्या दशकात देशात सुट्ट्या पैशांची इतकी चणचण होती की आपल्या टांकसाळींना ती भागवता येईना, म्हणून सरकारने परदेशांतून नाणी पाडून आणली. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, तरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा तीच वेळ आली. म्हणून मेक्सिकोची खूण असलेला, म्हणजे 'एम'च्या डोक्यावर बारीकसा 'ओ' असलेला १९९७ चा रुपया सापडतो. स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाच्या 'एमके' खुणेचा १९९८ चा रुपया सापडतो. क्रेम्निकाची टांकसाळ १३२८ पासून चालू आहे! आणि मॉस्कोच्या 'एमएमडी' खुणेचं १९९९ चं पाचाचं नाणंही सापडतं. ही सगळी कायद्याने शंभर टक्के भारतीय नाणी. एसटीच्या कंडक्टरच्या चामडी पिशवीतून ती वर्षानुवर्षं खुळखुळत गेली आणि जवळपास कुणाच्याच लक्षात आलं नाही.

याच्या उलटही घडलंय, आणि ते मुंबईत. फोर्टातल्या आपल्या टांकसाळीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियासाठी पेनी आणि अर्धी पेनी पाडली गेली. १९४२-४३ च्या त्या तांब्याच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली बारीक इंग्रजी 'आय' असतो. पूर्व आफ्रिकेची शिलिंगंही त्याच खुणेने इथून गेली. आधी १९१८ मध्ये मुंबईत ब्रिटिशांचं सोन्याचं सॉव्हरिन पाडलं गेलं, त्यावरही तोच 'आय'. पण सगळ्यात अचंबा वाटतो तो मारिया तेरेसा थॅलरचा. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी १७८० मध्ये वारली. तिच्या चांदीच्या नाण्यावर अरबस्तानात आणि इथिओपियात लोकांचा इतका विश्वास बसला होता की दुसरं नाणं ते हातात घेईनात. म्हणून पुढे जिथे कुठे ते पाडलं गेलं, तिथे साल १७८० च ठेवलं गेलं. २८ ग्रॅमचं हे नाणं १९४०-४१ मध्ये मुंबईतही पाडलं गेलं. राणी ऑस्ट्रियाची, साल मेलेलं, बाजार अरबांचा आणि जन्म मुंबईचा. एखाद्या कोकणी खलाशाच्या नातवाला माळ्यावरच्या पेटीत हे नाणं मिळालं, तर त्याला परदेशी म्हणायचं की नाही, ते मला खरंच ठरवता येत नाही.

गोव्याची जुनी नाणी या बाबतीत आणखी हळवी आहेत. पोर्तुगीजांच्या अमलात तिथे रुपिया चालायचा. एक रुपिया म्हणजे सोळा तांगा, म्हणजे ९६० रेइश. सोळाचा हिशोब आपल्या आण्यांसारखाच. १९५८ मध्ये एस्कुदो आला आणि दर ठरला एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणून त्या मालिकेत तीन आणि सहा एस्कुदोची नाणी आहेत, जी एरवी विचित्र वाटतात. सहा म्हणजे जुना रुपिया, तीन म्हणजे अर्धा. शंभर सेंताव्हुशांचा एक एस्कुदो, म्हणून ६० सेंताव्हुश म्हणजे रुपियाचा दहावा भाग. कागदावर हिशोब नवा झाला, बाजारातल्या बाईच्या डोक्यातला रुपियाच राहिला, आणि नाण्यांना तिच्या हिशोबात बसावं लागलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ही मालिका जेमतेम तीन वर्षांत संपली. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत ती अजून निघते. 'एस्तादो द इंदिया' अशी अक्षरं दिसली तर ती नाणी रद्दीवाल्याला देऊ नका.

आता व्यवहाराचं बोलते, कारण पहिला प्रश्न तोच येतो: याचे किती मिळतील? मोडीत सापडणाऱ्या परदेशी नाण्यांपैकी बहुतेकांचे काहीच मिळत नाहीत. नाण्यांचे व्यापारी असली नाणी किलोवर घेतात. किंमत असते ती मुख्यतः चांदीला. अमेरिकेची १९६४ पर्यंतची डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) ही नाणी ९० टक्के चांदीची. नंतरच्या नाण्याची कड पाहिली तर मधून तांब्याची लाल रेघ जाताना दिसते, चांदीच्या नाण्याची कड अखंड पांढरी असते. ब्रिटनची १९१९ पर्यंतची पांढरी नाणी ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ ची निम्म्या चांदीची. एवढी दोन-तीन सालं लक्षात ठेवली तरी पुरे. बाकी नाणं घासूनपुसून लख्ख करू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काहीही लावू नका. शंभर वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत उतरतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची निम्मी किंमत त्याबरोबर जाते. कोमट पाण्यातून काढून मऊ कापडाने टिपलं की झालं.

परदेशी नाणी जवळ बाळगणं गुन्हा आहे का, असं मला एका शेजारणीने काळजीने विचारलं होतं. नाही. परकीय चलनाच्या नियमांत नोटांवर मर्यादा आहे, नाणी कुणीही कितीही ठेवू शकतं. मात्र नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं सापडलं तर ती गोष्ट निराळी, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि 'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून अशी फसवणूक इतकी वाढली की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं की आम्ही जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या खरेदीविक्रीत नाही आणि कुणाकडून त्यासाठी पैसे मागत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांचे असे अकरा हजार गेले. ते गृहस्थ अजून कुणाशी त्याबद्दल बोलत नाहीत. म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिलं.

श्रीलंकेचं ते नाणं घेऊन मी पुढच्या आठवड्यात मंडईत गेले. मावशींना दाखवलं, तीन लिप्या दाखवल्या, सिंह दाखवला. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं. मग पिशवी उपडी करून सगळी नाणी गोणपाटावर पसरली आणि म्हणाल्या, "बघा आता यात अजून कोण कोण आहे ते." त्या ढिगात श्रीलंका नव्हती. पण एक एक रुपयाचं नाणं होतं, १९८५ चं. सालाखाली झिजलेला, नखाला जेमतेम लागेल असा 'एच'.